माकणीच्या बाभळीवरचे सोनकिडे

भावजी गेल्याला वर्ष उलटलं तरी अक्का सोलापूरच्या घरातून बाहेर पडेना. कपाळ मोकळं, साड्या फिक्या, बोलणं त्याहून कमी. माझी हसरी बहीण अशी मिटत चाललेली मला बघवेना. श्रावणातल्या एका रविवारी तिला म्हटलं, चल, माकणीला सोनकिडे बघायला जाऊ. मला वेड लागलंय अशा नजरेनं तिनं पाहिलं, पण चप्पल घातली.

नळदुर्गपर्यंत हैदराबादचा रस्ता झकास आहे. तिथं चुरमुऱ्यांची सुशीला आणि मिरचीभजी खाल्ली, दोघींचं शंभराच्या आत भागलं. लोहाऱ्याकडे वळलं की मात्र खड्डे सुरू होतात. एसटीनं येणार असाल तर लोहाऱ्यात उतरून पुढं जीप धरा. दोन्ही बाजूंना सोयाबीनच सोयाबीन, बांधावरच्या बाभळी गेलेल्या. किडे दिसले नाहीत तर अक्काला काय तोंड दाखवू, याच काळजीत मी गाडी हाकत होते.

माकणीच्या धरणाच्या अलीकडे शरणाकाकूंचं शेत. काकू म्हणजे लहानपणीच्या आमच्या शेजारीण. त्यांनी बाभळी राखल्यात. मी फांद्या चाळत बसले आणि अक्कानं लांबूनच बोट दाखवलं. बाभळीचा पाला खात सोनकिडा बसला होता, हिरवागार, झळझळीत. काड्यापेटीत पाला घालून आम्ही असेच किडे पाळायचो. तांदळाएवढी अंडी दिसली की शाळाही विसरायची. आपोआप मेलेल्या किड्यांच्या पंखांच्या टिकल्या अक्का करायची आणि सगळ्या आळीच्या पोरी तिच्यापुढं कपाळ करून बसायच्या.

एकदा गौरीपुढच्या रांगोळीला हिरवा रंग हवा म्हणून तिनं पंख खलबत्त्यात कुटले होते. ते फुटता फुटेनात. हात भरून आले तेव्हा कुठं भुकटी झाली, तीही तपकिरीसारखी. काकूंनी ती आठवण काढली आणि अक्का चक्क हसली.

रंग गेला कुठं, हे मला पुष्कळ उशिरा वाचनातून कळलं. पंखाच्या त्या कवचात हिरवा रंग नसतोच. अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक बसलेले असतात. त्यांच्या घट्ट थरांमुळेच कवच कणखर होतं, आणि त्यांतल्या वरच्या थरांवरून उलटून येणारा उजेड आपल्याला हिरवा दिसतो. तिरकं धरलं तर निळा. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात ना, तसंच काहीसं. थर मोडले की उरतो तो तपकिरी चुरा. पंख न मोडता ठेवला तर रंग वर्षानुवर्षं विटत नाही.

पाखरांनी आतला जीव खाऊन टाकलेले पंख झाडाखाली पडले होते. काकूंनी ते गोळा केले आणि अक्काला म्हणाल्या, मला एक टिकली करून दे. काकूंचे यजमान जाऊन खूप वर्षं झाली. अक्कानं चहाच्या वाफेवर पंख धरून मऊ केला, अडकित्त्यानं गोल कातरला. हात काही विसरले नव्हते. काकूंनी ती बाभळीच्याच डिंकानं स्वतःला लावली, मग दुसरीही कातरून घेतली, डिंक लावला आणि सरळ अक्काच्या कपाळावर दाबली.

अक्काचा हात वर गेला. "काकू, मला चालत न्हाय आता."

"कुंकू न्हाय ते पोरी, किड्याचा पंख हाय. त्याला कोन इचारतंय?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी कपात तोंड घातलं. तिचा हात हळूच खाली आला. निघताना काकूंनी उरलेले पंख कागदात बांधून दिले.

घरी पोचेपर्यंत टिकली जागेवर होती. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या आणि कपाळाकडं बघतच राहिल्या. आता ही पुसणार, असं मला वाटलं. अक्का शांतपणे म्हणाली, "किड्याचा पंख हाय." बाई आत गेल्या.

प्रवासानं काय दिलं म्हणाल, तर मला माझी बहीण थोडी परत मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाई वर आल्या. त्यांचेही यजमान नाहीत. दार लावून घेतलं, अक्कासमोर बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "लहानशी कापा."