बटणं कापलेले कपडे

दुसऱ्याचा घाम कपाटात वर्षभर मुरला की त्याला जो वास येतो, तो मी डोळे मिटूनही ओळखते. त्यात डांबराच्या गोळ्या असतात, शिळी पावडर असते आणि बगलेत पिवळी, कडक झालेली पट्टी असते. मागल्या दिवाळीनंतर असल्या कपड्यांची गाठोडी माझ्या ओट्यावर येऊन पडली आणि चार दिवस मला जेवण गेलं नाही.

गाठोडी आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाची होती. शहाद्यात गारठा पडायला लागला की मंडळाला डोंगरातल्या लोकांची आठवण येते. बाकी वर्षभर येत नाही. मग घरोघरचे जुने कपडे गोळा करायचे, जीपमध्ये भरायचे, तळोद्याच्या पुढे वर जाऊन वाटायचे आणि फोटो ग्रुपवर टाकायचे, असा कार्यक्रम. माझ्याकडे शिलाई मशीन आहे आणि जुन्याचं नवं करण्यात माझा हात बसलेला आहे. साडीचे ड्रेस, पॅंटच्या पिशव्या, सासऱ्यांच्या सदऱ्याची झबली असं काय काय मी करून झालेलं आहे. त्यामुळे फाटकंतुटकं नीट करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"जास्ती जीव नको लावू, ताई," मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "दोन टाका मारी दे. डोंगरवर कोन देखस?"

मी पहिलं गाठोडं सोडलं आणि नाकाला पदर लावला. नाडी ओढून घेतलेले परकर. चेन उसवून घेतलेल्या फुलपॅंट. एका खिशात गुटख्याची अर्धी पुडी, एका स्वेटरच्या बाहीत झुरळाची अंडी. लहान मुलाच्या एका चड्डीला काय वाळलं होतं ते मी लिहीत नाही. आणि बटणं! एका शर्टाला शपथेला बटण नाही. आमच्याकडे कपडा घराबाहेर निघायचा झाला की बाया आधी कात्री घेऊन बसतात. बटणं, हुक, साडीचा काठ, जे निघेल ते काढून घेतात. फरशी पुसायच्या फडक्याचं बटण काढलं तर मी समजू शकते, माझ्याही घरी बिस्किटाचा डबा भरून बटणं आहेत. पण जो शर्ट कुणीतरी अंगात घालणार आहे, तो थंडीत छातीवर बंद कशाने करायचा? मी विचारलं तर उत्तर आलं, "त्यास्ले काय, गाठ मारी लेतीन."

देणाऱ्या या बायांना मी रोज बघते. घरी देवाला वाहायचं फूल खाली पडलं तर परत उचलत नाहीत.

कपडे आधी उकळत्या पाण्यात सोडा टाकून भिजवले. ते धुतले माझ्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईने. ती मूळची वरच्या पाड्यावरची, नवरा गेल्यावर शहाद्याला येऊन राहिलेली. घरी पावरी बोलते, आमच्याशी मोडकीतोडकी अहिराणी. तिच्याच लोकांसाठी दिलेली घाण ती उकिडवी बसून पिळत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. शेवटचा पिळा दोरीवर टाकल्यावर ती हात पुसत म्हणाली, "बाई, मन्ही पोरले येक ड्रेस शिवी द्या ना. नंदुरबारले जाई ऱ्हायनी. तठे मोठा घरन्या पोरी राहतीन."

तिची मुलगी आश्रमशाळेत शिकून बारावी झाली होती आणि नंदुरबारला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. गणवेश महिन्याभराने मिळणार होता. तोवर वर्गात घालायला तिच्याकडे शाळेचा जुना पंजाबी ड्रेस सोडला तर काही नव्हतं. तिच्या खानदानातून कॉलेजचं दार बघणारी ती पहिलीच. त्या दारातून कुणाची उतरण घातल्यासारखी तिने आत जाऊ नये, एवढंच त्या आईचं म्हणणं होतं.

गाठोड्यात एक मोरपंखी अनारकली होता, अध्यक्षीणबाईंच्या घरचा. वरचा भाग बघण्यासारखा नव्हता. गळ्याला मेकअपचा थर, बगला कुजलेल्या आणि पुढची बटणं कात्रीचाही कंटाळा करून उपटलेली, त्या जागी भोकं. पण घेर मात्र कोरा होता. मी वरचा भाग कापून चुलीत घातला, घेराच्या कळ्या, म्हणजे तिरके तुकडे, उसवल्या, उलट्या करून इस्त्री केली आणि त्यातून सरळ कुर्ता बेतला. खांद्याला जोड आला तो पायपिनच्या बारीक पट्टीखाली लपवला. माझ्या तोंडाने सांगते, कुर्ता झकास झाला.

मुलगी मापाला आली तेव्हा ओढणीच्या टोकाला बांधलेली पुडी तिने सोडली. पाच पांढरी बटणं होती, मोत्यासारखी. शाळेतली शुद्ध मराठी बोलत म्हणाली, "मावशी, ही लावाल का? मी तळोद्याच्या बाजारातून निवडून आणलीत." माझ्या डब्यात शंभर बटणं होती, पण मी तिचीच लावली. तिने कुर्ता अंगात घातला, आरशासमोर वळून बघितलं आणि हसली. तिला असं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी मंडळाची जीप निघायची होती. ओट्यावर बाया जमल्या होत्या, 'वस्त्रदान' असं छापलेला बॅनर बांधून झाला होता. तेवढ्यात ती मुलगी आईबरोबर आली. नंदुरबारची बस धरायला एसटी स्टॅण्डवर निघाली होती, जाताना माझ्या पाया पडायला थांबली. अंगात तो कुर्ता. बाया बघत राहिल्या. "काय भारी ड्रेस शे वं! कोठे लिधा?" कुणीतरी विचारलं. मुलगी नुसती लाजली.

तिथे गप्प बसायचं होतं मी. पण जुन्याचं नवं करणाऱ्या बाईला कौतुकाची खाज असते. कशाचं काय केलं हे सांगितल्याशिवाय तिचं पोट दुखतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "वळखा बरं, हाऊ कशाना शे?"

अध्यक्षीणबाई पुढे आल्या. कुर्त्याचं टोक त्यांनी चिमटीत धरलं, उलटं करून आतली शिवण बघितली, मुलीला खांद्याला धरून गोल फिरवलं. "अगं माय! हाऊ ते मन्हा अनारकली! मन्हा उतरेल ड्रेस पोरले कसा शोभी ऱ्हायना देखा!" सगळ्या हसल्या. वाईट मनाने नाही हसल्या, आणि त्याचीच मला जास्त शिसारी येते. मग तिला बॅनरखाली उभी केली. अध्यक्षीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. फोटो निघाला. मुलगी समोर बघत होती, ओठ घट्ट मिटलेले. आईने जमिनीवरची पिशवी उचलून डोक्यावर घेतली आणि फोटो होईपर्यंत तशीच उभी राहिली. मी शेजारी उभी होते, आणि त्या फोटोत मी हसते आहे.

फोटो दुपारपर्यंत गल्लीतल्या सगळ्या फोनवर फिरला.

आठवड्याने बाई कामाला आली तेव्हा तिने आधी भांड्यांना हात लावला नाही. पिशवीतून कुर्ता काढला आणि माझ्यासमोर मशीनवर ठेवला. धुतलेला, इस्त्रीची घडी घातलेला.

"पोरगी म्हने, हाऊ तुमना शे," ती म्हणाली.

"मंग पह्यला दिवस काय घालं तिनी?"

"शाळाना ड्रेस. स्टॅण्डवरच बदली लिधा, संडासमां." एवढं बोलून ती मोरीत जाऊन बसली आणि भांडी घासायला लागली.

दुसऱ्यांच्या घाणीला नाक मुरडत मी चार दिवस जेवले नव्हते. त्या घटकेला मला माझीच किळस आली. मी घडी उलगडली. पुढच्या पट्टीवर एकही बटण नव्हतं. तिची होती, तिने काढून घेतली होती. पाचही जागी दोरा हलक्या हाताने कातरला होता, आणि कापडाला कुठेच भोक पडलेलं नव्हतं.