शेवंताची गैरहजेरी

वडगावातल्या घरात दिवसभर माग धडधडायचा, त्यामुळे रुक्माबाईंना मोठ्यानं बोलायची सवय. एकच गोष्ट त्या हळू सांगायच्या. "येळ्ळूरच्या शाळंत सात वर्सं. एक गैरहजेरी न्हाय." सातवी झाली आणि थोरला भाऊ बास म्हणाला.

त्या शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून जुन्या मुलींचा मेळावा ठरला. यादीचं काम आलं सौम्याकडे. सौम्या त्यांची धाकटी मुलगी, बेळगावकडच्या पोरींसारखी 'मी करतो, मी जातो' असंच बोलणारी. बेळगावात क्लासला जाऊन एसक्यूएल, म्हणजे संगणकावरच्या याद्या हाताळायची भाषा, शिकत होती.

"आई, यादी मीच करतोय. तुला पत्र येतंयच बघ."

"यीना का," म्हणत रुक्माबाईंनी अबोली साडी इस्त्रीला दिली.

सौम्याजवळ दोन टेबलं होती. एकात शाळेचं जुनं रजिस्टर, दुसऱ्यात गावोगाव विचारून जमवलेले आत्ताचे पत्ते. आईचा पत्ता तिनं सगळ्यांत आधी भरला. पहिलं नाव आणि जन्मसाल जुळलं की ओळीला ओळ जोडायची, अशी संगणकाला सांगणारी इनर जॉइनची क्वेरी लिहिली. तीनशे बारा मुलींतल्या एकशे नऊ आल्या. एरर आली नाही, म्हणजे बरोबरच. बाकीच्यांचे पत्ते मिळाले नसतील असं धरून तिनं यादी शाळेला पाठवली.

त्याच शाळेत काही वर्षांनी शिकलेल्या शेजारच्या नागुबाईंना पत्र आलं. पोस्टमन गल्लीत शिरला की रुक्माबाई माग बंद करून दारात यायच्या. सौम्या क्लासहून यायच्या आत पुन्हा मागावर बसायच्या.

मेळाव्याच्या रविवारी सौम्याची परीक्षा होती. दुपारी घरी आली, तर आई अबोली साडी नेसून मागाजवळ बसलेली.

"गेली न्हाईस व्हय?"

"पत्रच न्हाय आलं. सातवीत सोडलेल्यास्नी बोलवत न्हाईत वाटतं."

"असं कसं? चल, मी स्कूटरवर सोडतो."

"बिनबोलावता? लई शानी हाईस."

संध्याकाळी नागुबाई उत्साहात आल्या. "बाईंनी जुनं रजिस्टर काढून हजेरी घेतली गं! न्हाईत त्यांची पण नावं वाचली." रुक्माबाई हसल्या. चहा टाकायला उठल्या.

पुढच्या आठवड्यात क्लासमध्ये युवराज सरांनी लेफ्ट जॉइन शिकवला. "डाव्या टेबलातली एकबी ओळ सोडायची न्हाई. जोडी नसली तर शेजारी रिकामं दिसू दे. इनर जॉइन माणसं गाळतंय, आणि सांगत न्हाई." सौम्यानं तीच टेबलं पुन्हा जोडली. दोनशे तीन मुलींपुढं रिकाम्या जागा. खाली सरकता सरकता ती थांबली. शेवंता नागोजी कुगजी, सातवी. नागोजी म्हणजे तिचे आजोबा, आईचे वडील. आणि आईला तर बहीण नव्हती.

घरी येऊन तिनं विचारलं, "आई, शेवंता कोण गं?"

रुक्माबाईंनी माग थांबवला.

"कुठं घावलं तुला ते नाव?" मग हळू म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी लग्नात ताटातल्या तांदळावर रुक्मा लिवलं. आमची आई गेल्यापास्नं शेवंता म्हणून कुणी हाक मारली न्हाय."

"चुकलो गं मी. सासरी गेल्यावर नावं बदलतात, आणि मी नावावरच जोडत बसलो."

रुक्माबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग पदराला चिकटलेलं सूत निवडू लागल्या.

"म्हंजे बाईंनी वाचलं असंल."

"काय?"

"माझं नाव. सगळ्या पोरींसमोर." सुताचा धागा त्यांनी बोटाला गुंडाळला. "आणि कुणी ओ दिली नसंल. गैरहजर लावल्यात बघ."