पलीकडच्या दवाखान्यात जाताना

बारामतीत डोळ्यांचा दवाखाना रस्त्याच्या पलीकडं होता आणि आम्ही अलीकडं होतो, एवढीच काय ती अडचण!

माझे सासरे, आबा, सणसरहून एसटीनं आले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर फक्त गुरुवारी येणार, तेही बारापर्यंत. साडेअकरा झालेले. आबांचा हात धरून मी झेब्रा क्रॉसिंगवर उभा राहिलो. (मी नियम पाळणारा माणूस आहे. हसू नका!)

एक गाडी थांबेल तर शपथ! एमआयडीसीच्या मोटारसायकली, दुधाचे टेम्पो, उसाच्या ट्रॉल्या... मी हात वर केला, तर एका मोटारसायकलवाल्यानं ओळखीचा समजून उलट मलाच हात केला आणि सुसाट गेला! पायी चालणारा काय माणूस नसतो?

तेवढ्यात बँड वाजला. नवरदेव घोड्यावर बसून मंगल कार्यालयाकडं निघाला होता, आणि अख्खा रस्ता गपगार उभा! माझं डोकंच फिरलं. माणसासाठी थांबत नाहीत, घोड्यासाठी थांबतात!

"आबा, शिरा आत. नाचणाऱ्यांमधून पलीकडं निघू."

"चला, जावयबापू!"

मध्यावर एका फेटेवाल्यानं आबांना मिठीच मारली. "नाना! वळखलं का मला?"

आबांना समोर माणूस आहे की घोडा, हेही दिसत नव्हतं. पण तसं कबूल करतील ते आबा कसले!

"न वळखाया काय झालं?"

"आरं, नवरीकडचं आजोबा आल्यात! फेटा आणा!"

"आबा, आपण ह्यांचे कोणी लागत नाही!" मी कानात ओरडलो.

"गप ऱ्हावा. मायेनं बोलतंय माणूस."

मला दोघांनी नाचायला ओढलं. (नाचलो. दोन गाणी. नाइलाज होता!) आणि वरात वळली ती थेट कार्यालयात. तेही अलीकडच्याच बाजूला! आबा फेटा बांधून पहिल्या रांगेत, मांडीवर टॉवेल-टोपी आणि नारळ. मी दवाखान्यात फोन लावला.

"डॉक्टर आत्ताच गेले. तुम्ही आहात कुठं?"

"तुमच्या समोरच!"

"मग आला का नाहीत?"

मी फोन ठेवून आबांना सांगितलं. आबा हळूच म्हणाले, "म्हंजी आनिक आठ दिस अंधारच म्हना की." मी तडक कार्यालयाच्या मॅनेजरला गाठलं. माझा अवतार बघून तो दचकला.

"काय तक्रार हाय का, साहेब?"

"तक्रार नाही. येत्या गुरुवारी लग्न आहे का?"

"हाय की. साडेबाराचा मुहूर्त."

"मग नवरदेवाला अकरालाच घोड्यावर बसवा," मी हात जोडले. "आम्हाला पलीकडं जायचंय!"