मालकाचा टिळा

चैत्राचं ऊन होतं. नागपूरचं, भर दुपारचं. महाल भागातल्या दरबाराच्या अंगणात मला उभं केलं होतं आणि माझ्या हातात छत्री होती. नवी, काळी, मिटलेली. ती उघडायची परवानगी नव्हती.

गुरुवारचा सत्संग होता. आत जाणारा प्रत्येक जण माझ्यासमोर थांबायचा आणि म्हणायचा, "मालकाचं होतं." त्यावर मी म्हणायचं, "मी चोरलं." तिथला रिवाजच तसा. चुकलेल्याला दारात उभं करायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्याला चुकीची आठवण द्यायची. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. मालक, म्हणजे दरबाराचे महाराज, मोठ्या प्रेमानं सांगायचे की आपल्या दरबारात कोणाला शिक्षा होत नाही.

छत्री मी शिकवणीच्या पैशांतून घेतली होती. कॉलनीतल्या पोरांना पाढे शिकवून. आईसाठी घेतली, कारण उन्हात चाललं की तिला भोवळ यायची. घरात आलेली कुठलीही नवी वस्तू आधी मालकांपुढे न्यायची, तिच्यावर शेंदराचा टिळा लावून घ्यायचा आणि मगच वापरायची, असा नियम होता. मी ती तशीच आईच्या हातात दिली. आई ती घेऊन बाजारात गेली. कोणीतरी पाहिलं आणि सांगितलं.

मोठ्या बाई पडवीच्या सावलीत खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या. महालातल्याच एका वकिलाची बायको. दरबाराचा कारभार त्यांच्याकडे. त्यांच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्यांवर मला कधी टिळा दिसला नाही. एकदा मी लहानपणी विचारलं होतं, तर आईनं माझं तोंड दाबलं. मोठ्या माणसांचा टिळा मनातल्या मनात लागतो म्हणे.

बाबा आले. पायांकडे बघत म्हणाले, "मालकाचं होतं." मी म्हणाले, "मी चोरलं." मागोमाग आई आली. ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली. बाई सावलीतूनच म्हणाल्या, "ऐकू येईल असं म्हणा." मग आई म्हणाली. आणि मीही माझं वाक्य म्हणाले.

पुढची गोष्ट सांगताना आजही जीभ अडते. मला राग आला नव्हता. डोकं तापलं होतं, पायाखालची फरशी चटके देत होती, आणि मला मनापासून वाटत होतं की मी चोर आहे.

बाबा खापरखेड्याला वीज केंद्रात फिटर होते. क्वार्टर होतं, पगार होता. मी लहान असताना आई अंथरुणाला खिळली. डॉक्टर झाले, औषधं झाली. कोणाच्या तरी सांगण्यावरून बाबा मालकांचा अंगारा घेऊन आले आणि आई हळूहळू उठून बसली. औषधं तेव्हाही चालूच होती. पण त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. आईचा जीव मालकांनी परत दिला, आता जे आहे ते त्यांचं, असं बाबांनी एकदाच ठरवलं आणि पुढं कधी त्याचा विचार केला नाही.

मग घरातल्या सगळ्याला टिळा लागला. ट्रंकेला, सायकलीला, शिलाई मशीनला, पाण्याच्या गुंडाला, पातेल्यांना. "वापर तुमचा, वस्तू मालकाची," असं दरबारात शिकवायचे. बाबा पगाराचं पाकीट न उघडता मालकांपुढे ठेवायचे. मालक त्यात हात घालून काही परत द्यायचे, तो प्रसाद. त्यावर आमचं घर चालायचं. ज्या महिन्यात प्रसाद कमी, त्या महिन्यात आमचंच काहीतरी चुकलेलं असणार, असं समजून आम्ही एकमेकांच्या चुका शोधत बसायचो. एक दिवस मालकांना सायकल लागली, गेली. मशीन लागली, गेली. आईच्या कानातलं गेलं. बाबा पायी ड्यूटीवर जायला लागले आणि ते अभिमानानं सांगायला लागले. घरात 'माझं' म्हणायची चोरी होती. मी शाळेतसुद्धा 'माझी वही' म्हणताना चाचरायची.

सोडून जाता येत होतं. दाराला कुलूप नव्हतं. फक्त टिळा लागलेली कुठलीही वस्तू नेता येत नव्हती, आणि टिळा न लागलेलं आमच्याकडे काहीच नव्हतं. जो गेला त्याच्या घरच्यांनी त्याच्या नावानं आंघोळ करायची. नुसती म्हणायला नाही, खरोखरची, मयतीनंतर करतात तशी. त्यानंतर त्याला आपल्या घरचं पाणी द्यायचं नाही.

बाबांच्या पाळीतले एक काका असेच बाहेर पडले. बायको आणि मुलं दरबारात राहिली. एका उन्हाळ्यात ते मुलांची खुशाली विचारायला आमच्या दारी आले. घरात मी एकटी होते, तेरा-चौदा वर्षांची. ते म्हणाले, "पोरी, आधी घोटभर पाणी दे." मी दार लावून घेतलं. फटीतून बघत राहिले. ते थोडा वेळ उंबऱ्याजवळ उभे होते. मग शेजारच्या सुलोचनामावशीनं त्यांना हाक मारली आणि तांब्या दिला. मी दार लावलं म्हणून पुढच्या गुरुवारी मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. तो हात मला आवडला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

छत्री प्रकरणानंतर घरात सगळे भेदरले होते. छत्री दरबारातच राहिली. आई रोज भांड्यांवरचे टिळे तपासायची. मालक वर्षातून एकदा कॉलनीत फेरीला यायचे, घरोघरी आपल्या वस्तू बघायला, आणि ती फेरी जवळ आली होती.

अशात बुद्धपौर्णिमा आली. सुलोचनामावशीच्या घरी खिरीसाठी मोठं पातेलं हवं होतं. दीक्षा घेतलेलं घर, त्यांच्याकडे त्या दिवशी पाहुण्यांची रीघ असायची. आईनं पातेलं दिलं. दुसऱ्या दिवशी मावशीनं ते परत आणलं. आत आमच्यासाठी खीर, आणि बाहेरून पातेलं राखेनं, चिंचेनं घासून लखलखीत. काठाखालचा टिळा साफ गेलेला.

आई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मावशीला काही कळेना. ती मला म्हणाली, "तुही माय काहून रडून राहिली वं? घासून देल्लं ना मी. खराब भांडं कोणी वापस देते काय?" तिला वाटलं, पातेल्याला कुठं पोचा आला. नवं घेऊन द्यायलाही ती तयार झाली.

ती गेल्यावर आईनं दार लावलं. देवळीतला शेंदूर काढला, तेलात कालवला. तिला स्वतः लावायचा धीर होईना, म्हणून टिळा मी लावला. बोटानं, काठाच्या खाली, पूर्वी होता तिथंच. आई म्हणाली, "तुह्या बाबाले सांगू नको." त्या रात्री मला झोप लागली नाही. आईचं दुखणं उलटेल, बाबांना मशीनवर काही होईल, असं काय काय मनात येत होतं. काहीच झालं नाही. त्याचीही भीती वाटली.

मालक आले. गोरे, हळू बोलणारे. सोबत मोठ्या बाई आणि कॉलनीतली निम्मी माणसं. बाबांनी सगळी भांडी ओळीनं मांडली होती. मालकांनी नेमकं तेच पातेलं उचललं. त्यांनी काठाखालच्या टिळ्यावरून बोट फिरवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "माझ्या हाताचा टिळा मी अंधारातही ओळखतो."

मी आईकडे बघितलं. ती खाली बघत होती. मला हसू आलं नाही की राग आला नाही. नुसतं कळलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी आम्ही एकमेकांना चोर म्हणत होतो, ते माझ्या बोटाच्या टोकाएवढं होतं.

तरीही मी गप्पच बसले असते. सवयच तशी होती. पण मोठ्या बाईंनी माझा विषय काढला. नर्सिंगच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागला होता, त्याचं पत्र घरी आलं होतं. त्या म्हणाल्या, हिच्या हातून चोरी झाली आहे, बाहेर पाठवण्यापेक्षा हिला दरबारात सेवेला आणा. बाबांनी हात जोडले. "पोरगी बी मालकाचीच आहे," ते म्हणाले. मालकांनी शेंदरात बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाकडे आणलं.

मी मान मागं घेतली.

मी म्हणाले, "तो पातेल्यावरचा टिळा मी लावला. मायनं शेंदूर कालवला, मी लावला. तुमी नाही."

मालकांचं बोट तसंच हवेत होतं. मोठ्या बाई आईकडे वळल्या. "खरं आहे का हे?"

मला वाटलं, आता आई हो म्हणेल. एवढंच म्हणायचं होतं. मग आम्ही दोघी सुटलो असतो.

आई म्हणाली, "पोरगी खोटं बोलून राहिली. टिळा मालकाचाच आहे."

मी तिचं नाव घ्यायला नको होतं. हे मला त्याच क्षणी समजलं. मी एकटीनं लावला म्हणाले असते तर तिला माझ्याविरुद्ध बोलावं लागलं नसतं. मी सुटायच्या घाईत तिला सगळ्यांसमोर उघडं पाडलं, आणि पदर ओढून घ्यायला तिच्याजवळ तेवढं एकच वाक्य होतं. तिच्यावर मी कधी रागावू शकले नाही. स्वतःवर अजून रागावलेली आहे.

संध्याकाळी मी निघाले. अंगावरचे कपडे टिळा लावलेल्या ट्रंकेतले होते. ते नेले तर मी खरी चोर ठरेन, ही भीती इतकं सगळं कळूनही गेली नव्हती. अक्कल आली तरी अंगात मुरलेलं लगेच निघत नाही. मी सुलोचनामावशीकडे गेले, तिचं लुगडं नेसले आणि माझे कपडे घडी करून आमच्या उंबऱ्यावर ठेवून आले. रात्र तिच्याच घरी काढली. दोन क्वार्टरांमध्ये एकच भिंत होती. पहाटे पलीकडे बादल्या वाजल्या. आधी बाबांच्या अंगावर पाणी पडलं, मग आईच्या. माझ्या नावानं. आई खोकत होती. मावशीनं भिंतीला पाठ लावून बसलेल्या मला चहा आणून दिला.

ट्रेनिंग झालं. नोकरी लागली. पहिल्या पगाराचं पाकीट मी दिवसभर उघडू शकले नाही. कोणाच्या तरी पुढं ठेवल्याशिवाय ते आपलं होत नाही असं वाटत राहिलं. शेवटी वॉर्डातून येताना उघडलं आणि छत्री घेतली.

पुढं बाबा रिटायर झाले. फंड दरबारात गेला, क्वार्टर सुटलं, तेव्हा दोघं दरबाराच्या मागच्या खोलीत राहायला गेले. बाबा तिथंच वारले. मला कळलं ते तेरावं उरकल्यावर. आई आता दरबाराची भांडी घासते. तिला कोणी बांधून ठेवलेलं नाही. जायला घर नाही, अंगावर तिचं म्हणावं असं काही नाही, आणि पोरगी बिघडली ती आपण शेंदूर कालवला म्हणून, हे तिच्या मनात पक्कं बसलं आहे.

त्या काकांना मी शोधलं. पाणी द्यायचं राहिलं होतं म्हणून. ते केव्हाच वारले होते. त्यांचं देणं आता कोणालाच फेडता येणार नाही. छत्रीचा, कपड्यांचा, पगाराचा दोष मी एकेक करून घासून काढला. तो माझा नव्हताच. बंद दाराचा दोष माझा आहे. आईचं नाव घेतल्याचा माझा आहे. ते मी कोणापुढं ठेवणार नाही आणि त्यांच्यावर कोणाचा टिळाही लावून घेणार नाही.

मी गुरुवारी सुट्टी घेते. दरबाराच्या बोळाच्या तोंडाशी, रस्त्यावर, छत्री उघडून उभी राहते. सोबत पाण्याचा तांब्या असतो. आत जाणारे मला ओळखतात. काही जण अजूनही समोर थांबून म्हणतात, "मालकाचं होतं." मी म्हणते, "माझं आहे." एकदा दरबाराच्या माणसांनी मला ढकललं. पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेले. एकदा एक बाई थांबली, पाणी प्याली आणि आत न जाता परत फिरली. तिचं पुढं काय झालं मला माहीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई आली. डोक्यावर दरबारासाठी आणलेल्या भाजीची टोपली, पदर घामानं भिजलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्यासमोर थांबली. मी छत्री तिच्या डोक्यावर धरली. तिनं वर बघितलं, दांड्याकडे बघितलं.

"टिळा लावला काय?" तिनं विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. हो म्हटलं असतं तर ती घटकाभर सावलीत उभी राहिली असती, कदाचित पाणीही प्याली असती. एका खोट्यानं तिनं मला गमावलं होतं. दुसऱ्या खोट्यानं ती मला नको होती.

"नाही लावला, माय," मी म्हणाले. "लावणार बी नाही."

ती छत्रीखालून बाहेर सरकली आणि उन्हातून आत निघून गेली.

मी तिथंच उभी आहे. ती बाहेर येईल किंवा तिला खांद्यावरून बाहेर आणतील, तोवर दर गुरुवारी उभी राहणार आहे. छत्री उघडी ठेवून. टिळ्याविना.