मंदानं वाढवलेली मर्यादा

माझी धाकटी बहीण मंदा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी देवगडला आमच्या आंबा सोसायटीच्या कार्यालयात होतो. पुढे तिथंच तिची शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, अध्यक्षांनी वेळेवर निर्णय घेतला, मंदाताईंनी तो अमलात आणला, म्हणून आपली ऑनलाइन विक्री उभी राहिली... अध्यक्ष मीच. मान खाली घालून ऐकलं. ते खरं नव्हतं.

मुंबईत मोठमोठे सर्व्हर सांभाळून मंदा निवृत्तीनंतर गावी, मिठबावला परतली आणि सोसायटीचा सर्व्हर तिनं आपणहून अंगावर घेतला. पहिल्याच हंगामात, ऐन गर्दीत, गिऱ्हाइकांना आमचं संकेतस्थळ उघडेना. एका वेळी गिऱ्हाइकांच्या किती जोडण्या उघड्या ठेवायच्या, याची मर्यादा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासूनच घातलेली असते. तीच आड येत होती, मशीनमध्ये ताकद शिल्लक होती. मंदाला ती वाढवायची होती. मी बँकेत जन्म घालवलेला माणूस, मर्यादा म्हटलं की मला कर्जमर्यादाच दिसायची. बनवणाऱ्यांनी विचार करूनच ठेवली असेल, असं म्हणून मी तिला समितीची रीतसर मंजुरी घ्यायला सांगितलं.

"दादा, ह्या काय बँकेचा कर्ज न्हय," ती म्हणाली. "हो आकडो आमका बघून कोणी घालूक नाय. सगळ्यांसाठी घातलेलो आसा."

"मगे मर्यादाच काढून टाक," मी वैतागलो.

"आणि उद्या उघडलेल्या जोडण्या बंदच होईनाशा झाल्या, तर मर्यादेशिवाय माका कळतला कसा? सगळो सर्व्हर झोपतलो."

समिती जमेपर्यंत पेट्यांमधला आंबा पिकू लागला. मंदा थांबली नाही. जोडण्या काम झाल्यावर नीट बंद होतायत ना, ते तिनं आधी तपासलं आणि मग मशीनला पेलेल एवढीच मर्यादा वाढवली. संध्याकाळी ऑर्डरी धडाधड येऊ लागल्या. पुढच्या सभेत मी सांगून टाकलं, की मंजुरी आम्हीच दिली होती. मंदा समोर बसून हसत होती. घरी जाताना एवढंच म्हणाली, "मंजुरी बरी आठवली तुका." सत्काराची शालही मीच घेतली...

म्हणून लिहितोय. निर्णय तिचा होता. माझा होता तो उशीर.

मोहोर धरला की दरवर्षी ती बागायतदारांना बोलावून यंदा फळ किती येईल ते विचारायची आणि त्यावरून जोडण्यांचा तो आकडा नव्यानं ठरवायची. आता कार्यालयातल्या तिच्या खोलीत सर्व्हर सांभाळणारी नवी मुलगी बसते. परवा दारातून पाहिलं, तर बागायतदार तिच्या टेबलाभोवती जमलेले. कोणी बोलावलं नव्हतं. एक जण सांगत होता, "यंदा मोहोर बरो आसा गो. वायच वाढव तो आकडो."

"तुमच्याच बागेत, की सगळीकडे?" मुलीनं विचारलं.

मंदाही आधी हेच विचारायची.