हिरवी उतरलेली पिहरी

आत्याला बघायला लोक यायचे होते त्या दिवशी आमच्या घरात पाण्यासाठी एकही पेला रिकामा नव्हता. सगळे बाबांच्या टेबलावर उपडे, आणि प्रत्येकाखाली एक पिहरी.

पिहरी म्हणजे पावसाळ्यात उगवते ती छत्री. पुण्याकडचे लोक तिला अळंबी म्हणतात. आईच्या माहेरी, वर्ध्याकडे, टेकोडे म्हणत. जबलपुरात राहून आम्ही पिहरीच म्हणायला लागलो होतो. बाबा चेरीतालजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांना जुन्या बाजारात छत्र्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं, रंगीत चित्रांचं. त्यातली एकही छत्री आमच्या मुलखातल्या छत्र्यांशी जुळेना. बाबांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट हुरूप आला. मध्यप्रांतातल्या छत्र्यांची नोंद आता आपणच करायची, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. आई म्हणाली, "करा. पण माझ्या स्वयंपाकघरात नाही." भांडी मात्र तिथूनच गेली.

पुस्तकातली एक युक्ती इथंही चालली. छत्रीचा दांडा कापायचा, टोपी खालच्या अंगाने कागदावर टेकवायची आणि वर पेला झाकायचा. दुसऱ्या दिवशी टोपी उचलली की कागदावर बारीक भुकटी पडून चाकाच्या आऱ्यांसारखं चित्र उतरलेलं असे. कुणाचं पांढरं, कुणाचं गुलाबी. शेणावर उगवणाऱ्या एका नाजूक छत्रीचं तर शाईसारखं काळं. दिसायला सारख्या दोन छत्र्या या रंगावरून वेगळ्या ओळखता येत.

नोंदवही बाबांची, पण काम सगळं आत्याचं. ती बाबांची धाकटी बहीण, नुकतीच मॅट्रिक झालेली. बाबा टोपी उचलायला गेले की भुकटी फिसकटायची. आत्याचा हात हलका. मी नऊ वर्षांची होते, पेले पुरवायची.

दर दोन-चार दिवसांनी एक गोंड बाई पळसाच्या पानांत पिहरी घेऊन विकायला यायची. एकदा आत्याने तिला आमच्या गोठ्यामागे गवतात उगवलेल्या छत्र्या दाखवल्या. पांढऱ्याशुभ्र, ताटलीएवढ्या, वर तपकिरी खपल्या.

"ये नहीं खाते, बिन्नी," ती म्हणाली. "पिहरी की जड़ देखो."

तिच्या पिहरीला वारुळात खोल गेलेलं लांबलचक मूळ होतं. आमच्या छत्र्यांना मूळ नव्हतं. दांड्यावर बांगडीसारखं एक कडं होतं, ते वरखाली सरकायचं. आत्याने त्यातली एक टोपी पेल्याखाली ठेवली. सकाळी कागदावर चक्क हिरवं चित्र. बाबा तो कागद घेऊन घरभर फिरले. शाळेतही घेऊन गेले.

तर पाहुणे आले. मुलगा रेल्वेच्या कचेरीत नोकरीला, आई-वडील बरोबर. आई घाईघाईने पेले मोकळे करून घासून पाणी द्यायला लागली आणि बाबांच्या टेबलावर कागदांवर नुसत्या टोप्या बसून राहिल्या. मुलाच्या वडिलांची नजर तिकडे गेली.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

बाबांना एवढंच पाहिजे होतं. आत्या पोह्यांची बशी घेऊन दारात उभी, आणि बाबा त्यांना भुकटी दाखवताहेत. ते गृहस्थ जंगल खात्यात होते. म्हणाले, "मास्तर, याला कागद काहून पाहिजे? माझी उभी हयात जंगल खात्यात गेली. मी लांबून सांगतो." ही सगळी हयात खात्याच्या कचेरीत, फायलींपुढे गेली होती, हे त्यांनी सांगितलं नाही. ते पुढे त्यांच्या बायकोकडून कळलं.

मुलीला प्रश्न विचारायचे राहिले आणि मंडळी परसात गेली. गोठ्यामागे मुलाचे वडील एकदम थांबले. "वा. एवढा खजिना पडला आणि तुम्ही खात नाही? ही अस्सल पिहरी. चलो, एक रुमाल द्या."

बाबा विज्ञानाचे मास्तर, पण समोर वरपक्ष. "तसं पाहिलं तर," एवढंच म्हणाले आणि थांबले. आई पदराशी चाळा करत राहिली.

मागून आत्याचा आवाज आला. "ती खाऊ नका. ती हिरवी उतरते."

मुलाच्या वडिलांनी वळून पाहिलं. आत्याच्या एका हातात पोह्यांची बशी, दुसऱ्यात तो हिरवा कागद. तिने कडं दाखवलं, मूळ नाही हे दाखवलं, विकणारी बाई काय म्हणाली तेही सांगितलं. आवाज न चढवता, वर्गात धडा म्हणून दाखवावा तसं. मुलगा कागदाकडे नीट बघत होता. त्याचे वडील बघत नव्हते.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे आता मुलगी आम्हाला जंगल शिकवणार."

त्यांनी स्वतःच्या रुमालात सात-आठ छत्र्या बांधल्या, मुलाला आणि बायकोला टांग्यात बसवलं आणि गेले. पोहे तसेच राहिले. ते मी खाल्ले.

बाबा संध्याकाळभर आत्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू बोललीस ते बरोबर होतं. मी बोलायला पाहिजे होतं." आई म्हणाली, "त्याआधी टेबलापाशी गप्प राहिला असतात तरी चाललं असतं." तिसऱ्या दिवशी निरोप आला. मुलगी उलट बोलते, सबब हे स्थळ जमणार नाही. आत्याने ऐकून घेतलं आणि ओच्यातल्या शेंगा सोलत राहिली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिचे डोळे लाल होते, पण शेंगा एकसारख्या सोलल्या जात होत्या.

आठवडा गेला. एका दुपारी दारात टांगा थांबला आणि मुलाची आई एकटीच उतरली. चेहरा ओढलेला. ओसरीवर बसून आधी तांब्याभर पाणी प्यायली.

"दोन दिवस घरात कोणी उभं नव्हतं राहिलं," ती म्हणाली. "वैद्य आमच्याच घरी मुक्कामाला होते. ह्यांनी तर मृत्युपत्र लिहायला घेतलं, पण मध्येमध्ये उठावं लागे, म्हणून पुरं झालं नाही."

आई आत तोंडाला पदर लावून उभी होती. हसत होती हे फक्त मला दिसत होतं.

"आता बरे आहेत ना सगळे?" बाबांनी विचारलं.

"बरे आहेत. पण ह्यांचं म्हणणं, दोष भाजीचा नव्हता, तेलाचा होता." तिने तांब्या बाजूला ठेवला. "हे पहा मास्तर, लग्न होऊन आल्यापासून मी ह्यांना एकदाही थांबवू शकले नाही. मला ही मुलगी पाहिजे. ह्यांचं मी बघते."

आत्या दाराआडून बाहेर आली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, तर तिने सरळ त्या बाईलाच विचारलं, "त्यांनी खाल्ली का?"

'त्यांनी' म्हणजे मुलाने, हे सगळ्यांना समजलं.

"खाल्ली."

"मी सांगितल्यावरही?"

"तो बापाला म्हणाला, ती मुलगी नको म्हणाली होती. हे भडकले. मग त्यानं मान खाली घालून दोन घास खाल्ले."

"दोनच?"

"दोनच, बेटी. त्याला एकदाच उलटी झाली."

आत्याने बराच विचार केला. एवढा, की बाबांनी घसा खाकरला. मग ती म्हणाली, "वहिनी, चहा टाकू का?" आणि आत गेली. आई म्हणाली, "हो म्हणाली ती."

लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच झालं. आत्याच्या सासऱ्यांनी पंगतीत आग्रह करकरून वाढलं, पण बाबांशी छत्र्यांचा विषय काढला नाही. बाबांनीही काढला नाही, तरी त्यांना तो फार वेळ गिळून बसावा लागला हे दिसत होतं.

पुढच्या पावसाळ्यात मी आत्याकडे राहायला गेले. एका सकाळी सासरे फिरून आले, त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक छत्री ठेवली आणि काही न बोलता ओसरीवर जाऊन वर्तमानपत्र उघडलं. आत्याने ती उलटी करून पाहिली, मूळ पाहिलं, आणि एक पेला काढला.

"आजोबांना सांग," ती मला म्हणाली, "उद्या सकाळी कळेल."

मी जाऊन सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही.

"उद्या तर उद्या," ते म्हणाले. "आम्हाला कुठं घाई आहे."