चार्ल्सटनच्या ओसरीवरचे शेषेराव

शेषेराव बिराजदारांना अमेरिकेत पोलिसांनी धरलं, ही बातमी लातूरच्या आमच्या गल्लीत चंद्रप्रभाबाईंच्या अंगणातून निघाली आणि दुपारच्या चहापर्यंत मारुतीच्या देवळाला वळसा घालून परत आली. परत येताना तिच्यात बेड्याही होत्या. गुन्हा काय, तर शेषेराव परक्या लोकांच्या भिंती ठोकत हिंडत होते.

ठोकत होते हे खरं. पोलीस मात्र चंद्रप्रभाबाईंच्या पदरचे, आणि बेड्या गल्लीच्या. ज्या घराची भिंत ठोकली, तिथली म्हातारी बाहेर आली ती बर्फ घातलेल्या चहाचा पेला घेऊन. शेषेरावांनी तो उभ्याउभ्या संपवला आणि शेरा मारला, "दूध न्हाई, पर साखरेला बाईनं हात आखडला न्हाई."

आता हा माणूस भिंती का ठोकत होता, ते ऐका.

शेषेराव मूळचे किल्लारीजवळच्या एका खेड्यातले. त्र्याण्णवच्या भूकंपात घराच्या दगडी भिंती आणि वरचं मातीचं माळवद खाली आलं, तेव्हा ते खळ्यावर उडदाच्या राखणीला होते. बायको केवळाबाई माहेरी, मुरुडला. घरात होती आई आणि धाकटा भाऊ. तेव्हापासून शेषेरावांनी वीट-दगडाच्या भिंतीआड पाठ टेकली नाही. लातुरात आले तेही पत्र्याचं घर करून. वर पत्रा, चारी बाजूंनी पत्रा. गल्लीत एकेका घरावर स्लॅब चढत गेला, यांचा पत्रा हलला नाही. एकुलती एक लेक पुनम उन्हाळ्यात डोक्यावर ओला पंचा टाकून अभ्यास करायची. रामलिंग टेलर येता-जाता विचारायचा, "काय शेषेराव, आज भाकरी चुलीवर का पत्र्यावर?" लग्नाला बोलावलं तर हा गृहस्थ मंडपात जेवणार, कार्यालयात पाऊल टाकणार नाही.

तर या पुनमचा संसार थाटला कुठं? अमेरिकेत, चार्ल्सटन नावाच्या समुद्राकाठच्या जुन्या गावात, पावणेदोनशे वर्षांच्या विटांच्या घरात! खाली मालक, वर ही दोघं भाड्यानं. केवळाबाईंनी हट्टच धरला, म्हणून शेषेराव विमानात बसले. वाटेतल्या विमानतळांवर ते काचेच्या दाराला टेकून उभे होते म्हणतात.

गाव बघून मात्र त्यांनी आ वासला. दगडगोटे बसवलेल्या गल्ल्या, त्यातून टापा वाजवत जाणाऱ्या घोडागाड्या, रांगेनं उभी फिकट रंगांची उंच घरं. खिडकीचं दार बदलायचं तरी परवानगी काढावी लागते, असं जावयानं सांगितलं तेव्हा ते थांबलेच. "आपल्याकडं जुनं घर दिसलं की पहिलं पाडू म्हनत्यात. अन् हितं रंग द्यायला बी इचारावं लागतं?"

पुनमच्या घराचं रस्त्यावरचं दार उघडलं, तर समोर घर नाहीच. घराच्या कडेनं गेलेली लाकडी ओसरी. शेषेराव खूश. "हे बेस हाय. दार हाय, अन् आत बी बाहेरच!" तिथंच त्यांनी सतरंजी टाकली.

आठ दिवस ते तिथं राहिले. ताट बाहेर, तांब्या बाहेर. कुत्री फिरवणारे गोरे लोक हात हलवायचे, हे रामराम घालायचे. केवळाबाई वरच्या खिडकीतून ओरडायच्या, "अवो, लोकं तुमाला राखणदार समजायलेत!" पुनम दोन्ही वेळा ताट आणून ठेवायची. नवव्या दिवशी चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि म्हणाली, "आप्पा, तुम्ही लेकीच्या घरी आलात का दारी? एवढा समुद्र ओलांडला, आता एक उंबरा ओलांडवेना?"

चहा तसाच निवला.

त्याच दिवशी पुनमनं आई-बापाला गाव दाखवायला नेलं. जुन्या गल्ल्यांची माहिती सांगत हिंडवणारी एक बाई असते तिथं. ती पुढं बोलणार, पुनम मागं मराठीत सांगणार. एका भिंतीवर शेषेरावांची नजर अडली. विटांवर ताटलीएवढे लोखंडी बिल्ले. पुढच्या घरावर चांदणीसारखे, त्याच्या पुढच्यावर तर सिंहाची तोंडं.

"हे कशाला गं?"

बाईनं सांगितलं. पुनमनं ऐकलं आणि बापाकडं बघितलं. बापापुढं जो शब्द घरात कधी कुणी काढला नव्हता, तो आता तिनंच काढायचा होता.

"बोल की. काय म्हनली ती?"

"आप्पा... हितं बी भूकंप झालता. अठराशे शहाऐंशीला."

शेषेरावांनी टोपी काढली. मग बाई बोलत गेली, पुनम सांगत गेली. लोक घरांत जाईनात. बागेत तंबू ठोकून राहिले. नंतर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी कांबी घातल्या, दोन्ही टोकांना हे बिल्ले लावून आवळल्या, आणि हळूहळू लोक पुन्हा त्याच घरांत गेले. बाईनं पिशवीतून तंबूंचा जुना फोटो काढून दाखवला. शेषेरावांनी तो डोळ्यांजवळ नेला. "ह्यो बघ, खाट बाहेर घेऊन बसलाय. आपल्यावानीच." फोटो परत देताना त्यांनी तो कपाळाला लावला.

"पर आवळल्यानं घर टिकंल का पुन्यांदा? इचार तिला."

बाईनं खांदे उडवले. खात्री कुणाचीच नाही, म्हणाली. आणि हसून आणखी एक सांगितलं. काही जणांनी कांब न घालताच नुसते बिल्ले लावलेत, शोभेला.

झालं! तिथून शेषेराव दिसेल तो बिल्ला किल्लीनं ठोकत निघाले. गोड चहा मिळाला तो याच वाटेवर.

घरी आले आणि ओसरीपाशी थबकले. पुनमच्या भिंतीवरही तीन बिल्ले होते. आठ दिवस त्यांच्या शेजारी झोपून या माणसाला ती नक्षीच वाटली होती. ठोकून बघितले, कान लावला, काही कळेना.

"ह्येच्या मागं कांब हाय का न्हाई?"

"मला काय माहीत, आप्पा? माळ्यावर असंल तर असंल."

शेषेरावांनी मान वर करून माळ्याकडं बघितलं. मग चपला काढल्या आणि आत गेले. एक जिना, दुसरा जिना, भिंतीला हात न लावता, जिन्याच्या मधोमध. वर माळ्यावर, वाकून जावं लागेल अशा अंधारात ती होती. पहारीएवढी जाड, गंजून काळी, या भिंतीतून त्या भिंतीत गेलेली. मधोमध मुठीएवढा नट. ज्यानं आवळली तो माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली असतील. शेषेरावांनी दोन्ही हातांनी ती धरली आणि धरूनच राहिले.

"हलती का?" खालून केवळाबाई.

"न्हाई."

खाली येऊन ते बैठकीत, भिंतीला पाठ लावून बसले. "पुनम, पानी आन." पुनम स्वयंपाकघरात गेली आणि जरा उशिरानंच बाहेर आली. पुढचे वीस दिवस त्यांची सतरंजी आतच होती.

हे सगळं लातुरात परतल्यावर कळलं. रामलिंग शिवणयंत्र सोडून बाहेर आला. असा मोका तो सोडतोय! "म्हंजे कांबीला हात लावला अन् तीस वर्षांचं भ्या गेलं म्हना की, शेषेराव!"

शेषेराव म्हणाले, "भ्या कशाला जातंय? हाय की. पर लेक आत अन् म्या बाहेर, असं पुन्यांदा एकटं वाचून करू काय?"